मोटरबोटवर इलेक्ट्रॉनिक नेव्हिगेशन : काय घ्यायचं, कसं बसवायचं, कुठे फसायला होतं

पहिल्याच सीझनला मी बोट वाळूत घातली. डॅशवर नवीकोरी मोठी स्क्रीन होती, तिच्या कोपऱ्यात पाण्याची खोली दिसत होती आणि ती होती ७.२ मीटर. बायको शेजारी बसलेली, तिनं विचारलं, "अहो, हा आकडा असा उघडझाप का करतोय?" मी म्हटलं, नवीन आहे, तसंच असेल त्याचं. अर्ध्या मिनिटात इंजिनाचा आवाज जड झाला, मागचं पाणी एकदम गढूळ झालं आणि आम्ही जागच्या जागी उभे. मग भरतीची वाट बघत साडेतीन तास बसलो आणि त्या साडेतीन तासांत मी मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं. तिसऱ्या की चौथ्या पानावर लिहिलेलं होतं, तळ सापडेनासा झाला की यंत्र शेवटचा सापडलेला आकडा दाखवत राहतं आणि तो ब्लिंक होतो. म्हणजे यंत्र बिचारं सांगत होतं की मला आता काही दिसत नाहीये, आणि मी त्याला डिझाइन समजत होतो.

तेव्हापासून कुठलंही यंत्र घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ह्याला जेव्हा माहीत नसतं तेव्हा हे काय दाखवतं. फीचर्स सगळ्यांचीच भारी असतात हो, ती दुकानदार सांगतोच, पण हे कोणी सांगत नाही. खाली जे लिहिलंय ते बहुतेक ह्याच अंगानं लिहिलंय, आणि मी ज्या क्रमानं घेतलं तो क्रम चुकीचा होता म्हणून बरोबर क्रम देतोय.

१. आधी स्वतःचं फिरणं कागदावर लिहा

कॅटलॉग नंतर. किनाऱ्यापासून किती लांब जाता, रात्री परत यायची वेळ येते का, धुकं पडतं का, मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो का, बोट उघडी आहे की केबिनची, आणि साधारण किती स्पीडला चालवता. स्पीड मुद्दाम विचारतोय, कारण २० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) बोट सेकंदाला दहा मीटरच्या वर जाते, मिनिटात सहाशे मीटर, म्हणजे स्क्रीनमध्ये डोकं घालून मेनू शोधायला वीस सेकंद घेतले तर दोनशे मीटर तुम्ही न बघता चालवली.

दिवसा, किनाऱ्याजवळ, उघड्या छोट्या बोटीला खोली मोजायचं यंत्र, चार्टप्लॉटर (समुद्राच्या नकाशावर आपली जागा दाखवणारी स्क्रीन) आणि डीएससीवाला व्हीएचएफ (बटण दाबलं की संकटाचा डिजिटल कॉल पाठवणारा रेडिओ) एवढं पुरतं. पहिले दोन बऱ्याचदा एकाच डब्यात मिळतात. जहाजांची वर्दळ असेल तर एआयएस (जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून एकमेकांना कळवतात ती यंत्रणा). रडार सगळ्यात शेवटी, आणि तेही रात्र किंवा धुकं नेहमीचं असेल तरच. होकायंत्र ह्या यादीत धरलेलं नाही कारण ते असणारच, त्याला बॅटरी लागत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर एक गोष्ट बघा. जीपीएस मूळ सिग्नलमध्ये आठवडे १०२४ पर्यंतच मोजतं आणि मग परत शून्यावर येतं, असं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. त्यानंतर काही जुने सेट तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवायला लागले. पोझिशन बरोबर असते त्यामुळे लक्षात येत नाही, पण त्यातली भरती-ओहोटीची वेळ त्या चुकीच्या तारखेवरून निघते. म्हणून विकत घ्यायच्या आधी चालू करून तारीख वाचा.

२. खोलीचं यंत्र : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं, चार्ट तिथे काय असायला पाहिजे ते सांगतो, पण खाली आत्ता प्रत्यक्ष काय आहे हे फक्त हे एकच यंत्र सांगतं. तत्त्व साधं आहे, आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तीन मीटर पाण्यात हे सगळं चार मिलिसेकंदात उरकतं.

फ्रिक्वेन्सीवर फार डोकं खपवू नका. २०० किलोहर्ट्झ उथळ पाण्यात बारीक तपशील देतं, ५० किलोहर्ट्झ खोलवर जातं पण ढोबळ दाखवतं. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्याला २०० पुरे. चर्प (एकाऐवजी अनेक फ्रिक्वेन्सी वापरायची पद्धत) असेल तर चित्र आणखी स्पष्ट येतं, मासेमारी करत नसाल तर त्याच्यासाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही असं माझं मत.

खरा खेळ ट्रान्सड्युसर (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) कुठे बसतो त्याचा आहे. मागच्या फळीवर म्हणजे ट्रान्समवर बसवायचा असेल तर पंख्यापासून (प्रोपेलरपासून) निदान हातभर लांब ठेवा, आणि त्याच्या पुढे बोटीच्या तळाला रिबा, रिव्हेट, पाण्याचं भोक असं काही नको, कारण त्यातून निघालेले बुडबुडे थेट ट्रान्सड्युसरखालून जातात आणि आवाज बुडबुड्यातून जात नाही. माझ्या बोटीत नेमकं हेच झालेलं, धक्क्याला बांधलेली असताना आकडा एकदम अचूक आणि १५ नॉटच्या वर गेलं की तळ गायब. फळीला थेट भोकं पाडू नका, आधी एक प्लास्टिकची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर ट्रान्सड्युसर लावा, मग जागा दोनतीनदा बदलली तरी बोटीची चाळण होत नाही. मी हे चौथ्या भोकानंतर शिकलो.

आतून चिकटवायचा प्रकारही असतो, तळाला भोक पाडावं लागत नाही म्हणून लोकांना आवडतो. पण तो फक्त भरीव फायबरग्लासमधून चालतो, आत फोम किंवा लाकडाचा थर असेल तर नाही. चिकटवायच्या आधी ट्रायल घ्या : प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्युसर त्यात बुडवा, पिशवी बोटीच्या तळाला आतून दाबून धरा आणि आकडा येतो का बघा. येत असेल तर तिथेच चिकटवा.

आता ऑफसेट. यंत्र खोली मोजतं ती ट्रान्सड्युसरपासून. पाण्याची खरी खोली त्याहून थोडी जास्त असते आणि पंख्याखाली उरलेलं पाणी त्याहून कमी. सेटिंगमध्ये अधिक आकडा दिला तर खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून दिसते, उणे दिला तर पंख्याच्या किंवा कीलच्या (तळाच्या कण्याच्या) टोकापासून. कुठलंही निवडा, पण एकच निवडा आणि बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असू दे. माझा ट्रान्सड्युसर पंख्याच्या टोकापेक्षा चाळीस सेंटिमीटर वर होता आणि ऑफसेट शून्यावर, म्हणजे स्क्रीनवर अर्धा मीटर दिसत असताना पंख्याखाली वीतभरसुद्धा पाणी नव्हतं. शांत पाण्यात दोरीला वजन बांधून खोली मोजा आणि स्क्रीनशी ताडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

उथळ पाण्याचा अलार्म लावा, आणि स्पीडला असाल तर मोठ्या आकड्यावर लावा. हे यंत्र खाली बघतं, पुढे नाही. अलार्म वाजतो तेव्हा तो खडक ऑलरेडी तुमच्या खाली असतो.

३. चार्टप्लॉटर : स्क्रीनपेक्षा चार्टवर पैसे घाला

स्क्रीनबद्दल थोडक्यात. सात इंचाच्या खाली जाऊ नका, दोन चित्रं शेजारी शेजारी लावली की वाचता येत नाही. उघड्या बोटीला टचबरोबर बटणं पण असलेला घ्या, पाण्याचे थेंब पडले की टच मनाला येईल ते करतं आणि लाटेवर उसळत असताना बोट नेमकं नको तिथे टेकतं. वॉटरप्रूफिंग आयपीएक्स-७ पाहिजे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दुकानात जाताना पोलराइज्ड गॉगल घेऊन जा, तो लावल्यावर काही स्क्रीन ठराविक कोनातून चक्क काळ्या दिसतात. नाइट मोड किती खाली जातो ते पण बघा, रात्री उजळ स्क्रीन म्हणजे समोरच्या काचेवर आपलंच तोंड.

सगळ्यात कॉमन ट्रॅप म्हणजे यंत्र विकत घेतलं की चार्ट आला असं वाटणं. बऱ्याच सेटमध्ये फक्त बेसमॅप असतो, त्यात किनाऱ्याची रेघ असते आणि बाकी सगळं निळं. खोलीचे आकडे, बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), खडक ह्यासाठी तुमच्या भागाचं चार्ट कार्ड वेगळं घ्यावं लागतं आणि ते वेळच्या वेळी अपडेट करावं लागतं. दुसरा ट्रॅप सिम्युलेटर मोड. दुकानात तो चालू ठेवलेला असतो, घरी आणल्यावर बोट जेट्टीला बांधलेली आणि स्क्रीनवर झोकात १२ नॉटला चाललेली. हसू येतं, पण एकानं त्याच मोडमध्ये निघून जाऊन दहा मिनिटं वेगळ्याच किनाऱ्याचा चार्ट बघितलेला मला माहितीये.

आता झूम. व्हेक्टर चार्टमध्ये झूम आउट केलं की गर्दी होऊ नये म्हणून बारीक गोष्टी स्क्रीनवरून गळतात, आणि त्या बारीक गोष्टींत खडक पण आला. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्व्हो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरात मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराजोस नावाच्या रीफवर रात्री आदळली. जगातले निष्णात दर्यावर्दी, उत्तम यंत्रं, आणि ते रीफ चार्टमध्ये होतं, फक्त ते ज्या झूमवर बघत होते तिथे उथळपणाचा नीट अंदाज येत नव्हता. म्हणून रूट आखला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण झूम इन करून बोटानं सरकवत एकदा बघायचा. कंटाळवाणं आहे. करायचं.

उलट बाजू पण आहे. झूम इन करत गेलं तर स्क्रीन करू देते, पण चार्ट मुळात ज्या स्केलवर काढलाय त्यापुढे नवीन माहिती येत नाही. १:५०,००० च्या चार्टवर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, मग तुम्ही तो कितीही ताणा. आणि सर्वेक्षण कधीचं आहे तेही महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणच्या खोल्या अजूनही दोरीला शिसं बांधून मोजलेल्या आहेत, दोन मोजमापांच्या मधे काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. चार्टच्या माहितीत कॅटझॉक नावाचा शेरा असतो, ए-१ पासून डी पर्यंत आणि मग यू. यू म्हणजे त्या डेटाचा दर्जा तपासलेलाच नाही. चार्टची "मला माहीत नाही" म्हणायची पद्धत ही अशी आहे, आणि ती मेनूत तीन पायऱ्या आत लपलेली असते.

जीपीएस स्वतः आता फार अचूक झालंय. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायची आणि पोझिशन शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची, ते बंद झालं. आता उघड्या आकाशाखाली काही मीटरच्या आत येतं, वास, इग्नॉस, गगन असली उपग्रहांवरून येणारी करेक्शन मिळाली तर आणखी चांगलं. ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू ह्या इतरांच्या उपग्रह यंत्रणा पण पकडणारा रिसीव्हर घ्या. गंमत अशी की त्यामुळे बरेचदा तुमची पोझिशन चार्टपेक्षा जास्त अचूक असते, आणि मग स्क्रीनवर तुम्ही जमिनीवरून चाललेले दिसता. अशा वेळी खडकाच्या कडेला "स्क्रीनवर वीस मीटर जागा आहे" ह्या हिशोबानं जाणं म्हणजे वेडेपणा.

४. वेपॉइंट, रूट आणि आकड्यांचा गोंधळ

अक्षांश-रेखांश तीन पद्धतीनं लिहितात आणि ह्यात हमखास घोळ होतो. समुद्रावर नेहमीची पद्धत म्हणजे अंश आणि दशांश मिनिटं, उदाहरणार्थ ३०.५० मिनिटं. कोणी ते ३० मिनिटं ५० सेकंद समजून टाकलं तर अक्षांशात सहाशे मीटरच्या वर चूक होते. मित्राकडून वेपॉइंट (मार्गावरच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश) व्हॉट्सॲपवर आला तर फॉरमॅट विचारल्याशिवाय टाकू नका. डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस-८४ आहे ना तेही बघा. तपासायला सोपं, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, त्यावरून अंदाज येतो.

वेपॉइंट बोयावर ठेवू नका. पूर्वी जीपीएस ढोबळ होतं तेव्हा चालायचं, आता ऑटोपायलट तुम्हाला नेमकं त्या लोखंडी बोयावर नेऊन आपटेल, आणि समोरून येणारा पण तोच वेपॉइंट धरून येत असेल. बाजूला, खोल पाण्यात ठेवा.

ऑटो-राउटिंग म्हणजे सुरुवातीचा कच्चा मसुदा समजा. त्याला तुमच्या बोटीचा ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल जाते ते), उंची, सेफ्टी मार्जिन हे तुम्ही सांगितलं तेवढंच कळतं, आणि ह्या जागी डिफॉल्ट आकडे कोणाच्या तरी वेगळ्याच बोटीचे असतात.

अजून एक, सीओजी (बोट सरकते ती दिशा) आणि हेडिंग (बोटीच्या नाकाची दिशा) ह्यातला फरक. जीपीएस सांगतं बोट कुठल्या दिशेनं सरकतेय, नाक कुठे आहे ते त्याला कळत नाही. आडवा प्रवाह असेल तर दोन्हीत चांगला वीस अंशांचा फरक पडू शकतो आणि बोट जवळजवळ थांबली की सीओजी गरगर फिरायला लागतो. नाक कुठे आहे ते होकायंत्र किंवा हेडिंग सेन्सर सांगतो.

५. व्हीएचएफ आणि एमएमएसआय : कागदपत्रांचं काम इथे आहे

काही लोक म्हणतील हे नेव्हिगेशन नाही. माझ्या मते आहे, कारण चॅनल ७० वरून जाणारा डीएससी कॉल तुमची पोझिशन घेऊन जातो, पण व्हीएचएफला जीपीएस जोडलेलं असेल किंवा आत असेल तरच. कितीतरी बोटींवर झाकणाखालचं लाल बटण आहे आणि रेडिओच्या स्क्रीनवर अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसत्या रेघा. त्या रेघा म्हणजेच ते उत्तर, "मला माहीत नाही". बटण दाबलं तर मदत मागितली जाईल, कुठे यायचं ते जाणार नाही.

एमएमएसआय हा तुमच्या रेडिओची ओळख सांगणारा नऊ आकडी नंबर, तो तुमच्या देशाच्या अधिकृत यंत्रणेकडून घ्यायचा. टाकताना दोनदा वाचून टाका, बहुतेक सेट एकदाच, फार तर दोनदा, टाकू देतात आणि नंतर लॉक होतात, मग सर्व्हिसला पाठवा. जुना रेडिओ घेतला तर आत आधीच्या मालकाचा नंबर असणार, तो बदलून घेतल्याशिवाय वापरू नका, नाहीतर शोधणारे त्याच्या घरी फोन करतील.

जवळ ठेवायचे कागद :
- रेडिओचा परवाना आणि तुमच्याकडे लागू असेल तर ऑपरेटर सर्टिफिकेट
- एमएमएसआय दिल्याचं पत्र
- इपर्ब (बोटीचा संकट-बीकन) किंवा पीएलबी (माणसाच्या अंगावरचा) असेल तर त्याच्या नोंदणीची प्रत, त्यात बोटीचं वर्णन आणि घरचा चालू फोन नंबर
- प्रत्येक यंत्राचा सीरियल नंबर, आणि मॅन्युअल फोनमध्ये ऑफलाइन

इपर्ब जुना असेल तर तो ४०६ मेगाहर्ट्झचाच आहे ना बघा. फक्त १२१.५ वर चालणाऱ्या बीकनचं ऐकणं उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय. बॅटरीची एक्स्पायरी त्याच्या अंगावरच छापलेली असते.

६. एआयएस : दिसणं आणि बघणं वेगळं

नुसता रिसीव्हर घेतला तर तुम्हाला जहाजं दिसतात, त्यांना तुम्ही नाही. ट्रान्सपॉन्डर घेतला तर दोन्ही. मोटरबोटवाल्यांनी इथे एक बारकावा लक्षात ठेवा. साधा क्लास बी (छोट्या बोटींचा ट्रान्सपॉन्डर) दोन वॉटवर चालतो आणि चालत्या बोटीची पोझिशन दर तीस सेकंदांनी पाठवतो. २५ नॉटला तीस सेकंदात तुम्ही जवळपास चारशे मीटर पुढे गेलेले असता, म्हणजे समोरच्या जहाजाला तुम्ही दिसता ते चारशे मीटर मागे. पाच वॉटचा नवीन क्लास बी, एसओ प्रकारचा, स्पीड वाढला की लवकर लवकर पाठवतो, २३ नॉटच्या वर दर पाच सेकंदांनी. स्पीडबोटीला तोच घ्या.

स्क्रीनवर जहाजाच्या त्रिकोणावर काट मारलेली दिसली तर त्याचा सिग्नल यायचा थांबलाय, जहाज गेलेलं नाही. आणि ज्याच्याकडे एआयएस नाही तो कधीच दिसणार नाही. मासेमारीच्या लहान होड्या, कयाक, तरंगता ओंडका, कोणीच नाही. सोलास ह्या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० टनांवरच्या जहाजांना, इतर फेऱ्यांवरच्या ५०० टनांवरच्या मालवाहू जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना ते सक्तीचं आहे, बाकीच्यांचं ज्याच्या त्याच्या देशावर.

७. रडार : घेण्याआधी दोनदा विचार

जाहिरातीत ३६ मैल लिहिलेलं असतं. अँटेना पाण्यापासून तीन मीटरवर असेल तर तिचं क्षितिज जेमतेम चार सागरी मैलांवर संपतं, त्यापलीकडे फक्त उंच गोष्टी दिसतात, मोठं जहाज, डोंगर. छोट्या मोटरबोटीवर तुम्ही रडार वापरणार ते तीन मैलांच्या आत. म्हणून रेंजचा आकडा सोडा आणि जवळचं किती स्वच्छ दिसतं ते बघा. नवीन सॉलिड-स्टेट डोम लगेच चालू होतात आणि जवळचं चांगलं दाखवतात, जुन्या मॅग्नेट्रॉनला गरम व्हायला मिनीट-दोन मिनिटं लागतात.

चार्टवर रडारचं चित्र चढवायचं असेल तर हेडिंग सेन्सर पाहिजेच, नाहीतर चित्र तिरकं बसतं आणि बोया दोन दिसायला लागतात. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि सी क्लटर (लाटांचे ठिपके पुसायचं ते) हातानं फिरवायला शिका. सी क्लटर जास्त ओढलं तर लाटांबरोबर छोटी होडी पण पुसली जाते, आणि स्क्रीन अशी स्वच्छ दिसते की वाटतं समुद्र मोकळा आहे. रडारचं "मला माहीत नाही" सगळ्यात फसवं, ते रिकाम्या स्क्रीनसारखंच दिसतं. टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातव्या नियमात मुद्दाम लिहिलंय की अपुऱ्या माहितीवरून, त्यातही रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अंदाज बांधू नयेत.

पहिले वीस तास तरी लख्ख उन्हात वापरा. डोळ्याला दिसणारा बोया स्क्रीनवर कसा दिसतो हे आधी कळलं तरच धुक्यात उपयोग.

८. वायरिंग : बहुतेक "यंत्र खराब आहे" हे इथेच सापडतं

हत्यारं आणि सामान : मल्टिमीटर, चांगलं क्रिम्पिंग टूल, कलई केलेली तांब्याची मरीन वायर, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, योग्य अँपिअरचे फ्यूज आणि त्यांचे एक्स्ट्रा, मरीन सीलंट, वायरींना लावायला लेबल. घरगुती वायर वापरू नका, एका सीझनमध्ये आतून काळी पडते.

इंजिन स्टार्ट करताना प्लॉटर बंद होऊन परत चालू होतो ही तक्रार सगळ्यात जास्त. स्टार्टर मोटर इतका करंट ओढते की व्होल्टेज क्षणभर दहाच्या खाली जातं. उपाय म्हणजे यंत्रांना वेगळी बॅटरी, स्टार्टरची नाही. ते नाही जमलं तर निदान जाड वायर थेट बॅटरीपासून, फ्यूज बॅटरीच्या जवळ. यंत्राच्या प्लगपाशी मल्टिमीटर लावा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा, आकडा डोळ्यांसमोर पडतो.

यंत्रं एकमेकांना जोडायला हल्ली एनएमईए २००० असतं. एक मुख्य केबल, तिला टी-कनेक्टर, प्रत्येक टी-पासून यंत्रापर्यंत सहा मीटरपेक्षा लहान फांदी, आणि मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना एक एक टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा रेझिस्टर). दोनच. मी तीन लावले होते कारण एक मोकळं भोक दिसलं, आणि मग खोली कधी यायची कधी नाही. तपासायची पद्धत : पॉवर बंद करा, दोन डेटा पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा, ६० ओहमच्या आसपास पाहिजे. १२० आला तर एक टर्मिनेटर कमी, ४० आला तर एक जास्त. माझा ४१ आला होता.

एलईडी दिव्यांची पण टेस्ट करा. व्हीएचएफ शांत चॅनलवर ठेवा, स्क्वेल्च खरखर जेमतेम थांबेल इतका फिरवा, मग बोटीतले एलईडी एक एक करून लावा. खरखर परत आली तर तो दिवा रेडिओ आणि एआयएस दोन्हीला बहिरं करतोय. आणि होकायंत्राच्या शेजारी स्पीकर, फोनचा चुंबकवाला स्टँड असलं काही बसवू नका, मोबाइल नुसता डॅशवर ठेवला तरी सुई हलताना दिसते.

जीपीएस अँटेनाला वर उघडं आकाश पाहिजे, व्हीएचएफच्या अँटेनापासून मीटरभर लांब आणि रडारच्या झोतात नको. तिच्या केबलबद्दल एक गोष्ट सांगतोच. १० जून १९९५ ला रॉयल मॅजेस्टी नावाचं प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना नॅन्टकेटजवळ वाळूत रुतलं, मार्गापासून सुमारे १७ मैल बाजूला, आत दीड हजार माणसं. कोणाला इजा झाली नाही. निघाल्यावर थोड्याच वेळात अँटेनाची केबल निसटली होती, जीपीएस अंदाजानं पोझिशन काढायला लागलं आणि स्क्रीनवर बारीक अक्षरांत तसं लिहूनही येत होतं. चोवीस तासांहून जास्त वेळ कोणी वाचलं नाही. खोलीचा अलार्म शून्यावर ठेवलेला होता. माझ्या ब्लिंक होणाऱ्या आकड्याची आठवण झाली की मला हे जहाज आठवतं, तेवढंच जरा बरं वाटतं.

९. पहिला दिवस आणि पुढचे

पहिल्या फेरीत लांब जाऊ नका. जिथलं पाणी ओळखीचं आहे तिथे, दिवसा, दोघांनी जा, एकानं चालवायचं, एकानं आकडे बघायचे. बोयाच्या बाजूनं जाताना स्क्रीनवर तो त्याच बाजूला दिसतो का, हेडिंग होकायंत्राशी जुळतंय का, स्पीड वाढवल्यावर तळ कुठल्या स्पीडला सुटतो हे लिहून ठेवा. चार्टवर १.८ मीटर आहे आणि भरतीचं पाणी १.५ मीटर चढलंय तर खोलीच्या यंत्रावर साधारण ३.३ यायला पाहिजे, तुम्ही पृष्ठभागापासून मोजत असाल तर. हा हिशोब प्रत्येक फेरीत एकदोनदा करायची सवय लावा, जीपीएस, चार्ट, भरतीचा तक्ता आणि खोली अशा चार वेगळ्या गोष्टी एकदम तपासल्या जातात.

मग मुद्दाम एकेक यंत्र बंद करून बघा. जीपीएस अँटेनावर हात ठेवून काही होणार नाही, तिचं कनेक्शन काढा, आणि स्क्रीनवर काय बदलतं, अलार्म कुठला येतो, किती वेळानं येतो, हे दोघांनी बघा. काही सेट नुसता बोटीचा आयकॉन फिका करतात, एवढंच. मॅन ओव्हरबोर्डचं (माणूस पाण्यात पडला तर दाबायचं) बटण शांत दिवशी एकदा दाबून बघा, आणि ते कॅन्सल कसं करायचं तेही.

फोनमधलं नेव्हिगेशन ॲप बॅकअप म्हणून उत्तम, चार्ट ऑफलाइन डाउनलोड केलेला असेल तर. पण उन्हात फोन तापून बंद पडतो, ओल्या बोटांना ऐकत नाही, त्यामुळे तो सावलीत आणि पाऊचमध्ये, पॉवर बँकेसकट. कागदी चार्ट आणि पेन्सिल मी ठेवतो, दर अर्ध्या तासानं पोझिशन आणि वेळ लिहितो. अंधार असो, वीज जावो, अर्ध्या तासापूर्वी कुठे होतो हे माहीत असेल तर पुढचं काढता येतं.

नांगर टाकल्यावर अँकर अलार्म (बोट सरकली की वाजणारा) लावताना तो नांगर पाण्यात पडला त्या जागेवरून लावा, बोट स्थिरावल्यावर नाही, नाहीतर वारा फिरला की रात्रभर विनाकारण वाजत बसतो आणि तिसऱ्यांदा तुम्ही तो बंद करून झोपता.

माझ्या स्क्रीनच्या खाली आता पांढऱ्या टेपची एक पट्टी आहे, तिच्यावर पर्मनंट मार्करनं तीन ओळी : "खोली पंख्याखालची. १८ नॉटच्या वर विश्वास नाही. उघडझाप = स्पीड कमी." तिसरी ओळ बायकोनं लिहिलीये.